गोठ्यात ढास आली, तर कोरोनाच्या अँटिबॉडी तपासाव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा. कागल तालुक्यातले एक दूध उत्पादक, गोठ्यात बारा-पंधरा जनावरं. हरियाणातून चार मुऱ्हा म्हशी आणल्या. ट्रकमधून उतरल्यावर आठवड्याभरात त्यातल्या दोन ढासायला लागल्या, नाकाला पाणी, वैरण कमी. त्यांच्या पाठोपाठ घरची दोन रेडकं आणि एक कालवड ढासू लागली. मेलं कुठलंच नाही, पण दूध उतरलंय. एका खासगी लॅबच्या माणसानं सांगितलं, "सगळ्यांची कोरोना अँटिबॉडी टेस्ट करून घ्या, पॉझिटिव्ह निघतील ती विकून टाका." घरात वयस्कर आई आहेत, त्यामुळं धास्ती. त्यात उंटांच्या कोरोनाचा एक मेसेज भाऊबंदांच्या ग्रुपवर फिरतोय. तेव्हा तपासणी करायची का, किती जनावरांची, आणि पॉझिटिव्ह आली तर पुढं काय?

मी या भागात गोठ्यागोठ्यांतून फिरणारा पशुवैद्य आहे, प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ नाही. पण रक्ताचे नमुने काढून पाठवणं आणि आलेला रिपोर्ट मालकाला समजावून सांगणं हे रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारलंय एक, पण तुमच्या मनात तीन प्रश्न आहेत. रेडकं कशानं आजारी पडली? घरच्या माणसांना धोका आहे का? आणि नवीन म्हशी ठेवायच्या की काढायच्या? अँटिबॉडीची तपासणी यातल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही. ती एवढंच सांगते, की या जनावराच्या शरीराची त्या विषाणूशी किंवा त्याच्या भाऊबंदाशी कधीतरी गाठ पडली होती. कधी पडली, कुठं पडली, आजची ढास त्याचीच का, हे तिला ठाऊक नसतं.

आता कोणता कोरोना, ते आधी ठरवू. कोरोना हे विषाणूंच्या मोठ्या घराण्याचं नाव आहे. गायी-म्हशींचा म्हणून जो आहे, त्याला बोव्हाइन कोरोनाव्हायरस म्हणतात. तो अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वासरांच्या हगवणीत सापडला. लहान वासरांना हगवण, थंडीत मोठ्या जनावरांना रक्ती हगवण, आणि प्रवासानं दमलेल्या जनावरांत श्वसनाचा त्रास, अशी त्याची तीन रूपं. म्हशींच्या रेडकांतही तसाच विषाणू इटलीत सापडलेला आहे. हा जगभर सगळीकडं आहे आणि इतका पसरलेला आहे, की मोठ्या जनावरांचा कळप तपासला तर बहुतेकांच्या रक्तात त्याच्या अँटिबॉडी निघतात. आपल्याकडं तर बाजार, यात्रा, शिवाय गाळप सुरू झालं की बीडकडून येणारी ऊसतोडीची बैलं. जनावरात जनावर मिसळायला संधी भरपूर.

म्हणजे लॅबच्या माणसाचं ऐकून तुम्ही पंधरा जनावरांचं रक्त दिलंत आणि बारा पॉझिटिव्ह आली, तर मला त्यात नवल वाटणार नाही. तुमच्या शेजाऱ्याच्या ठणठणीत गोठ्यातही तेवढीच येतील. आणि "पॉझिटिव्ह ती विका" हा सल्ला पाळलात, तर ज्यांना रोग होऊन गेलाय आणि थोडीफार प्रतिकारशक्ती आलीय अशी जनावरं तुम्ही विकणार, आणि ज्यांना अजून व्हायचाय ती दावणीला ठेवणार.

दुसरा कोरोना म्हणजे माणसांच्या साथीचा, कोविडचा. तो गायी-म्हशींत जवळजवळ टिकत नाही. २०२० मध्ये जर्मनीत सहा वासरांच्या नाकात हा विषाणू मुद्दाम सोडून पाहिला. त्यातल्या दोघांतच तो जेमतेम वाढला, आणि सोबत बांधलेल्या वासरांना लागला नाही. पुढं २०२१ च्या शरद ऋतूत तिथंच गोठ्यांतले एक हजार नमुने तपासले, त्यात अकरा पॉझिटिव्ह निघाले. माणसाकडून एखाद्या गायीला लागलाही असेल, पण गायींत साथ नाही. डुकरं आणि कोंबड्या तर प्रयोगात बधल्याच नाहीत. बाधा पसरली ती फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक प्राण्यांत आणि अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत.

तिसरा तो उंटांचा, मर्स. माणसांत तो २०१२ मध्ये सौदी अरेबियात ओळखला गेला. पुढच्या वर्षी ओमानमधल्या शर्यतीतून निवृत्त केलेल्या पन्नास सांडण्यांचं रक्त तपासलं, तर पन्नासच्या पन्नास पॉझिटिव्ह. कॅनरी बेटांवरच्या १०५ उंटांत पंधरा. त्याच अभ्यासात युरोपातल्या गायी, मेंढ्या, शेळ्यांत मात्र एकही नाही. नंतर आफ्रिकेतले जुने साठवलेले नमुने उघडले, तर १९८३ च्या उंटांच्या रक्तातही त्या अँटिबॉडी होत्या. माणसात रोग दिसायच्या तीस वर्षं आधीपासून तो उंटांत फिरत होता, हे कळलं ते या अँटिबॉडी तपासणीमुळंच. ही तपासणी खरी कामाची कुठं, तर अशा ठिकाणी. कुठल्या जातीच्या प्राण्यात विषाणूचं बस्तान आहे आणि किती जुनं आहे, हे शोधायला तिच्यासारखं हत्यार नाही. कागलच्या गोठ्यातली ढास ओळखायचं ते हत्यार नव्हे. उंटांचा मेसेज ग्रुपवरच राहू दे.

इथं एक गणित मांडतो, कारण रिपोर्ट वाचताना सगळ्यांची इथंच फसगत होते. समजा तपासणी शंभरातल्या ९५ निरोगी जनावरांना बरोबर निगेटिव्ह सांगते, म्हणजे पाचांना उगीच पॉझिटिव्ह ठरवते. ऐकायला चांगली वाटते. आता शंभर जनावरांत ज्याला तो दुर्मीळ विषाणू खरोखर लागलाय असं एकच आहे. रिपोर्टात पॉझिटिव्ह किती येतील? ते एक आणि उगीचची पाच, मिळून सहा. सहातली पाच खोटी. विषाणू दुर्मीळ असेल तर पॉझिटिव्हवर भरवसा नाही. आणि विषाणू घरोघरी असेल, गायीच्या कोरोनासारखा, तर पॉझिटिव्ह खरं असूनही त्यातून काही कळत नाही. किट तेच, कंपनी तीच. अर्थ मात्र कळपात रोग किती आहे त्यावर ठरतो. किट विकणारा हे सांगत नाही.

उगीचची पॉझिटिव्ह येतात कुठून? बऱ्याचदा भाऊबंद विषाणूंमुळं. कोरोनाच्या आतल्या भागाचं प्रथिन या घराण्यात बरंच सारखं असतं, बाहेरच्या काट्याचं प्रथिन जास्त वेगळं. आतल्या प्रथिनावर बेतलेली एलायझा, म्हणजे अँटिबॉडी शोधायची नेहमीची रक्ततपासणी, एकाच्या अँटिबॉडीला दुसऱ्याच्या समजू शकते. म्हणून उंटांच्या त्या अभ्यासात काट्याचा वेगळा तुकडा वापरला, आणि वर जिवंत विषाणू निष्प्रभ होतो का याची तपासणी करून खात्री केली. डुकरांत तर हा घोळ फारच मोठा आहे. त्यांच्या श्वसनाचा कोरोना १९८४ मध्ये बेल्जियममध्ये सापडला, तो हगवणीच्या जुन्या कोरोनाचाच काट्याचा तुकडा गळालेला प्रकार. साध्या तपासणीत दोन्हींच्या अँटिबॉडी एकच दिसतात. फरक करायला वेगळी, अडवून पाहणारी एलायझा लागते. तेव्हा कुणी "कोरोना अँटिबॉडी" एवढंच म्हणत असेल, तर पहिला प्रश्न विचारा: कुठल्या कोरोनाच्या, कुठल्या प्रथिनावरच्या, आणि हे किट म्हशीच्या रक्तावर पडताळलंय का? आपल्याकडं हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं २०२२ मध्ये प्राण्यांसाठी कोविडची लस आणि अँटिबॉडी किट आणलं, पण ते किट कुत्र्यांसाठी आहे. कुत्र्याचं किट म्हशीला चालत नाही, कारण प्रत्येक जातीची अँटिबॉडी पकडणारं रसायन वेगळं असतं.

रेडकांचं आणखी एक. गायी-म्हशींत गर्भाशयातून अँटिबॉडी पिलाकडं जात नाहीत, त्या सगळ्या चिकातून जातात. चीक पिऊन आलेल्या अँटिबॉडी काही महिने रक्तात टिकतात. म्हणून दोन महिन्यांचं रेडकू पॉझिटिव्ह आलं, तर ती बहुधा आईची पुण्याई असते, रेडकाचा स्वतःचा रोग नव्हे. रेडकू सहा-आठ महिन्यांचं झालं की आईकडून आलेल्या बऱ्याचशा ओसरतात. त्या वयाची, बाहेर न गेलेली जनावरं हीच खरी साक्षीदार. ती पॉझिटिव्ह आली, तर विषाणू गोठ्यात गेल्या काही महिन्यांत येऊन गेला, असं म्हणता येतं. तुमची कालवड या वयाची असेल, तर पंधरा जनावरांपेक्षा तिचं एकटीचं रक्त जास्त बोलेल.

मग तपासणी करायचीच नाही का? करता येते, पण जोडीनं. आजाराच्या सुरुवातीला एक नमुना, आणि दोन ते तीन आठवड्यांनी त्याच जनावराचा दुसरा. रिपोर्टात १:२० म्हणजे रक्त वीसपट पातळ केलं तरी अँटिबॉडी दिसल्या. पहिल्यात १:२० आणि दुसऱ्यात १:८० किंवा वर, म्हणजे चौपट वाढ दिसली, तर आजाराच्या काळातच या विषाणूशी गाठ पडली असं म्हणायला आधार मिळतो. दोन्ही नमुने एकाच दिवशी, तपासणीच्या एकाच प्लेटवर तपासले पाहिजेत. पहिला आज आणि दुसरा महिन्यानं वेगळ्या लॅबमध्ये, असं केलं तर ती तुलना कशालाच धरून होत नाही. म्हणून पहिल्याचं सिरम, म्हणजे रक्ताची गाठ झाल्यावर वर राहणारं पाणी, फ्रीजरमध्ये राखून ठेवायचं. तुमच्या नव्या म्हशींना आता तीन आठवडे होत आले असतील, तर त्यांचा "सुरुवातीचा" नमुना घ्यायची वेळ गेली. रेडकं नुकतीच आजारी पडलीत, त्यांचा घेता येईल. पण खरंच कारण शोधायचं असेल, तर ताप चढल्यापासून पहिल्या काही दिवसांत नाकातला खोल स्वॅब घेऊन पीसीआर करणं जास्त थेट. त्यात विषाणू स्वतः दिसतो.

रक्त काढताना मान किंवा शेपटीच्या शिरेतून, साध्या लाल टोपणाच्या नळीत घ्यायचं, जांभळ्या टोपणाच्या नाही. काढल्यावर नळी हलवायची नाही. सावलीत तिरकी ठेवून तासा-दोन तासांत गाठ धरू द्यायची, मग वरचं सिरम वेगळ्या नळीत ओढून घ्यायचं. सिरम गव्हाच्या काडाच्या रंगाचं पिवळसर असलं तर नमुना चांगला. गुलाबी किंवा लाल आलं, तर रक्तपेशी फुटल्या, आणि लॅब बहुधा तो परत पाठवेल. याचं नेहमीचं कारण म्हणजे न वेगळं केलेलं रक्त थेट बर्फावर किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं. नाहीतर उन्हात उभ्या मोटरसायकलच्या डिकीतून कोल्हापूरपर्यंतचा प्रवास. नळीवर कानातल्या टॅगचा बारा आकडी नंबर लिहा. "मोठी काळी म्हस" असं लिहून आलेल्या नळ्या मी पाहिल्यात. गोठ्यात सगळ्याच काळ्या असतात.

नमुना पाठवण्याआधी तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बोला. तिथून पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाच्या रोग अन्वेषण विभागाकडं नमुने जातात. नेमकी ही तपासणी सध्या होते का आणि स्वॅब कुठल्या द्रवात हवा, हे फोनवर विचारूनच काढा.

किती जनावरांची करायची, हे हेतूवर अवलंबून आहे. मोठ्या कळपात एखादा रोग दहा टक्के जनावरांत असेल, तर तो ९५ टक्के खात्रीनं सापडायला साधारण २९ नमुने लागतात. पाच टक्क्यांत असेल तर ५९. हे आकडे गाव-तालुक्याच्या पाहणीचे. तुमच्या गोठ्याला चार-पाच निवडक जनावरं पुरेत: दोन आजारी रेडकं, कालवड, नव्यातली एक ढासणारी, आणि एक अजिबात न ढासलेली. कुणी दूध संस्थेच्या दुधातून तपासणी सुचवेल. दुधातही अँटिबॉडी उतरतात हे खरं, पण संस्थेच्या कॅनमध्ये गावभराचं दूध एकत्र असतं, त्यातून तुमच्या गोठ्याचं काही कळत नाही.

आणि खरं सांगू? अँटिबॉडीवर पैसे घालवायचेच असतील, तर जन्मलेल्या रेडकाला चीक पुरेसा मिळाला का, ते मोजा. जन्मानंतर एका दिवसानं आणि आठवड्याच्या आत रेडकाच्या सिरमचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रथिन मोजायच्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर, ठेवायचा. वासरांत १०० मिलीलिटर सिरममध्ये एकूण प्रथिन ५.२ ग्रॅमच्या वर असलं, तर चीक पोटात पोचला असं धरतात. उपकरण हातात मावतं आणि उत्तर लगेच मिळतं. आपल्याकडं अजून कितीतरी घरांत वार पडेपर्यंत रेडकाला आचळाला लावत नाहीत, आणि तोवर अर्धा चीक खरवसासाठी शेजारीपाजारी गेलेला असतो. आतडं चिकातल्या अँटिबॉडी पहिल्या काही तासांतच चांगल्या शोषतं; २४ तासांनी ते दार जवळजवळ बंद होतं. तीस-पस्तीस किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात तीन लिटरच्या आसपास चीक जायला हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. ढासणाऱ्या रेडकांच्या मागं गेलं, की निम्म्या वेळा गोष्ट इथंच येऊन थांबते.

आता रिपोर्टाची वाट न बघता आज काय करायचं. सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. १०३ च्या वर असेल, श्वास जोरात असेल, तर डॉक्टरांना बोलवा. विषाणू कोणताही असो, रेडकं दगावतात ती बहुतेक मागून येणाऱ्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं, आणि त्यावर वेळेत उपचार आहेत. म्हशीच्या गळ्याला सूज, १०५-१०६ ताप आणि घरघर असेल, तर तो घटसर्प असू शकतो. त्यात तासांचा हिशेब असतो, रात्र असली तरी थांबू नका. नव्या म्हशींना घटसर्प आणि लाळ्या-खुरकूताची लस कधी टोचली, हे व्यापाऱ्याच्या तोंडावर न जाता टॅगच्या नोंदीवरून बघा. ढासणारी जनावरं वेगळ्या दावणीला, त्यांची बादली वेगळी, आणि धारा काढताना ती शेवटी. बाटलीनं किंवा नळीनं तेल-काढा पाजू नका. ढासणाऱ्या जनावरात तो फुफ्फुसात जातो आणि मग कोरोनाचं नाव निष्कारण बदनाम होतं.

पावसाळ्यात आपल्याकडं गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री लागते. एकदा रेडकाच्या नाकाच्या उंचीला खाली बसा आणि दोन मिनिटं श्वास घ्या. मुताच्या उग्र वासानं डोळे चुरचुरले, तर रेडकाच्या छातीचं दिवसभर काय होत असेल ते कळेल. छपराच्या कडेला वीतभर जागा हवेसाठी मोकळी सोडा. गगनबावड्याच्या बाजूला ओल्या कुरणात चरणारी जनावरं असतील, तर फुफ्फुसातल्या जंतांसाठी शेणही तपासून घ्या, तीही ढास तशीच दिसते.

आईंबद्दल. गायी-म्हशींचा कोरोना हा कोविडचा विषाणू नव्हे. माणसांत साधी सर्दी करणारा ओसी४३ नावाचा त्याचा एक चुलत भाऊ आहे, आणि जनुकांचा हिशेब मांडणाऱ्यांच्या मते तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गायींकडूनच माणसांत आला असावा. ती जुनी गोष्ट. आजच्या तुमच्या रेडकाच्या ढासेनं आईंना काही होईल अशी भीती बाळगायचं कारण नाही. दूध उकळून प्या, जे तुम्ही पिताच. दुधातल्या अँटिबॉडीनं काही अपाय होत नाही. मात्र प्रतिजैविक चालू असेल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या जनावराचं दूध संस्थेला घालू नका.

राहिला नव्या म्हशींचा प्रश्न. प्रवास, बदललेलं पाणी, उसाच्या वाड्याची नवी वैरण आणि चार राज्यांतून आलेला ट्रक, एवढ्यावर पहिल्या पंधरवड्यात ढास येणं नवीन नाही. बहुतेक जनावरं दोन-तीन आठवड्यांत सावरतात. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहे म्हणून म्हैस विकायचं काही कारण नाही. आजारी असताना तर पेठ वडगावच्या बाजारात नेऊच नका, दर पडेल आणि रोग दुसऱ्याच्या दावणीला जाईल. महिन्यानं दूध, वजन आणि श्वास बघा. तेव्हाही एखादी ढासतच असेल, तर फुफ्फुसाला कायमची इजा झाली का हे डॉक्टरांकडून ऐकून घ्या, आणि मग तिचा निर्णय करा. पुढच्या खेपेला आणलेली जनावरं मात्र तीन आठवडे वेगळ्या छपराखाली बांधा, आणि जमलं तर उतरवल्या दिवशीच त्यांचं सिरम काढून गोठवून ठेवा. मग पुढं काही झालंच, तर जोडीतला पहिला नमुना तुमच्याकडं तयार असेल.